कौलं घट्ट हवीत आणि काढताही आली पाहिजेत: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मेढा, पाटण, वाई, महाबळेश्वर आणि खाली शिराळ्यापर्यंत कौलारू घरांची कामं करताना लोक जे विचारतात, ते इथे एका जागी आणलं आहे. वडील सुतारकाम करायचे आणि दर वैशाखात शाकारणीला जायचे. त्यांच्यामागे शिडी धरून जे शिकलो आणि पुढे स्वतः काम करताना जे चुकून कळलं, ते दोन्ही यात आहे. बहुतेकांची अडचण सारखीच असते: वळवाच्या वाऱ्यात कौलं जागची हलू नयेत, आषाढात पाणी आत येऊ नये, आणि एखादं कौल फुटलंच तर शेजारची दहा न फोडता ते बदलता यावं.

आमच्या आजोबांच्या काळापासून कौलं नुसती रिपांवर (छपराच्या आडव्या पट्ट्यांवर) ठेवलेली आहेत. आता बांधायची कशाला?

मंगळुरी कौल साधारण सव्वादोन ते अडीच किलोचं असतं आणि एका चौरस मीटरला सुमारे १५ कौलं लागतात. म्हणजे दर चौरस मीटरला ३५-३६ किलो वजन झालं. आजवर या वजनानेच कौलं धरून ठेवली.

आता वाऱ्याचं गणित पाहू. वाऱ्याचा दाब त्याच्या वेगाच्या वर्गाने वाढतो. भारतीय मानक ८७५ च्या तिसऱ्या भागात त्याचं साधं सूत्र आहे: सेकंदाला मीटरमधला वेग घ्यायचा, त्याचा वर्ग करायचा आणि ०.६ ने गुणायचं. ताशी ७२ किलोमीटरच्या वाऱ्याला चौरस मीटरमागे साधारण २४ किलोचा जोर येतो, ताशी १०८ किलोमीटरला ५५ किलोचा. छपरावरून वारा जातो तेव्हा वळचण (छपराची खालची कड), आढं (छपराचा माथा) आणि बाजूच्या कडा इथे हा जोर दाबण्याऐवजी वर ओढतो. कौलांच्या फटींतून हवा खेळते, म्हणून सगळा जोर कौलावर येत नाही. पण पडवी उघडी असेल तर वारा खालूनही ढकलतो. मे महिन्यात वळवाच्या पावसाआधी जो सोसाटा येतो, त्यात नेमकी वळचणीची दोन ओळी कौलं उडतात, ती यामुळेच.

आजोबांचं घर वस्तीत होतं, बुटकं होतं, भोवती आंबा-फणस होता. आज तेच घर लोक टेकाडावर, दोन मजली, मोकळ्या जागेत बांधतात. शिवाय त्या काळी दरवर्षी कुणीतरी वर चढून सरकलेली कौलं परतत असे. आता मुलं पुण्या-मुंबईला आणि घरी म्हातारी माणसं असतात. कौल सरकल्याचं कळतं ते थेट जमिनीवर तळं साचल्यावर.

कौलं नीट बांधली की गळती थांबेल ना?

नाही. हा गैरसमज फार महागात पडतो, म्हणून थोडं सविस्तर सांगतो.

पाणी अडवण्याचं काम उतार आणि एका कौलावर दुसऱ्याचा चढाव हे दोघे करतात. तार, क्लिप, स्क्रू यांचं काम एवढंच की तो चढाव जागचा हलू नये. मंगळुरी कौलाचा चढाव साधारण ६० ते ७५ मिलिमीटर असतो. मधला ७० धरू. छप्पर ३० अंशांत असेल तर या ७० मिलिमीटरमध्ये पाण्याला उभं ३५ मिलिमीटर चढावं लागतं, तेव्हाच ते कौलाच्या डोक्यावरून आत उतरतं. छप्पर २० अंशांत असेल तर उभी चढण फक्त २४ मिलिमीटर. आणि मघाशी सांगितलेला ताशी ७२ किलोमीटरचा वारा पाण्याला किती वर ढकलू शकतो? बरोबर २४ मिलिमीटर. म्हणजे कमी उताराच्या छपरावर कौल कितीही घट्ट बांधा, झड आली की पाणी चढाव ओलांडणारच.

दुसरी गोष्ट केशाकर्षणाची. दोन कौलं अगदी चिकटून बसली की मधल्या बारीक फटीतून पाणी आपोआप वर ओढलं जातं. कौलाच्या कडेला खाचा आणि कणे (उंचवटे) केलेले असतात ते ही ओढ तोडायलाच. म्हणून कौल बांधताना ते खालच्या कौलावर दाबून चिपकवू नका.

उतार किती आहे ते घरच्या घरी कसं मोजायचं?

एक मीटरची सरळ पट्टी लेव्हल लावून आडवी धरा, एक टोक छपराला टेकवा. दुसऱ्या टोकापासून छप्पर किती उंचीवर आहे ते टेपने मोजा. ४७ सेंटिमीटर आलं तर उतार २५ अंश, ५८ आलं तर ३०, ७० आलं तर ३५.

महाबळेश्वर, जावळी, पाटणचा पश्चिम भाग आणि शिराळ्याचा चांदोलीकडचा भाग इथे ३० अंशांच्या खाली जाऊ नका. ३५ असेल तर मला जास्त समाधान वाटतं. महाबळेश्वरला वर्षाला सरासरी साडेपाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि त्याच जिल्ह्यात म्हसवड-दहिवडीकडे पाचशेच्या आसपास. तासगाव, जत, माण, खटाव इथे २५ अंशांतही कौलं चालतात. सातारा जिल्ह्यात अमुक उतार चालतो असं सरसकट कुणी सांगितलं, तर त्याला आधी तालुका विचारा.

मग कौल धरायचं तरी कुठे?

कौलाच्या अंगावरून पाणी वाहतं ती जागा सोडून कुठेही. हे पक्कं झालं की पुढचे बहुतेक प्रश्न आपोआप सुटतात.

कौल उलटं करून पाहा. वरच्या बाजूला रिपेवर अडकायला दोन दात असतात. पुष्कळ कारखान्यांच्या कौलांत या दातापाशी तार ओवायला बारीक भोक दिलेलं असतं. लोकांना वाटतं तो साच्यातला दोष आहे. तो दोष नाही, ती सोय आहे. बासल मिशनने मंगळुरात १८६५ मध्ये कौलांचा कारखाना काढला, तेव्हापासून हा आकार किनारपट्टीचा वारा आणि पाऊस सोसत आलेला आहे. या भोकाजवळ पाणी येतच नाही, कारण ते कौलाच्या पाठीमागे आणि वरच्या कौलाच्या आडोशाला असतं. माझी पहिली पसंती नेहमी हीच जागा असते.

दुसरी जागा कडेची. प्रत्येक कौलाची एक कड शेजारच्या कौलाखाली जाते. त्या झाकल्या जाणाऱ्या कण्यावर क्लिप बसवता येते.

तिसरी जागा कौलाचं खालचं टोक. तिथे तारेचा आकडा खालून येऊन टोकाला धरतो. हा आकडा बाहेरून दिसतो, पण कौलाला भोक पडत नाही.

भोक पाडून स्क्रू मारणं हा शेवटचा पर्याय. त्याबद्दल पुढे.

तार कोणती वापरू?

सळया बांधायची काळी बायंडिंग तार अजिबात नको. हे मी स्वतःच्या चुकीवरून सांगतो. सुरुवातीच्या काळात महाबळेश्वरजवळच्या एका घराला आम्ही हजारभर कौलं या तारेने बांधली. स्वस्त होती, हाताला मऊ होती, काम झटपट झालं. दोन पावसाळे गेले आणि तिसऱ्या वैशाखात घरमालकांचा फोन आला. वर जाऊन पाहिलं तर बहुतेक तारांची नुसती तांबूस भुकटी उरली होती. चार महिने धुक्यात राहणाऱ्या घरात उघडं लोखंड टिकत नाही, हे मला आधी कळायला हवं होतं. ते काम आम्ही पुन्हा आमच्या खर्चाने केलं.

माण-खटाव, सांगली, मिरज अशा कोरड्या भागात चांगली जस्ताचा मुलामा दिलेली १६ किंवा १८ गेजची तार पुरते. १८ गेज म्हणजे सव्वा मिलिमीटरच्या जरा आत, १६ म्हणजे १.६ मिलिमीटर. कौलाच्या भोकात १६ गेज जात नसेल तर भोक मोठं करण्यापेक्षा १८ घ्या. घाटमाथ्यावर मात्र ३०४ दर्जाची स्टेनलेस तारच घ्या. किलोचा भाव ऐकून लोक दचकतात, पण एका कौलाला जेमतेम वीतभर तार लागते. तांब्याची तार जस्ती पत्र्याला किंवा पाइपला लावू नका. ओलाव्यात दोन धातूंची जोडी जमत नाही आणि जस्त आधी खाल्लं जातं.

तार कशी बांधायची, म्हणजे पुढे सोडताही येईल?

रिपेला तार खिळ्याने ठोकून पक्की करू नका. रिपेच्या खालच्या अंगाला, आतून हात पोचेल अशा ठिकाणी, २५ मिलिमीटरचा स्टेनलेस स्क्रू अर्धा आत जाईल इतका बसवा. दाताच्या भोकातून तार ओवून खाली आणा, स्क्रूभोवती दोन वेढे द्या आणि पकडीने तीन पीळ मारा. टोक बोटभर सोडून खाली वाकवा. कौल काढायचं असेल तेव्हा तीन पीळ उलटे फिरवले की झालं. तीच तार परत बांधता येते. पाच-सहा पीळ मारलेत तर सोडताना तार तुटते.

आणि ताणू नका. लाकूड पावसात फुगतं, उन्हाळ्यात आकसतं. कौल हाताने हलवलं तर दोन-तीन मिलिमीटर हलावं. सतारीच्या तारेसारखी ताणलेली तार पहिल्याच पावसाळ्यात कौलाचा दात तोडते.

जुन्या कौलांना भोक नसेल तर दातात अडीच मिलिमीटरच्या गवंडी बिटने पाडता येतं. ड्रिलचा हातोडा बंद ठेवा, कौल वाळूच्या पोत्यावर पालथं ठेवा, घाई करू नका. तरी काही दात तुटतील. ते गृहीत धरून कौलं मोजा.

घराला आतून फळ्यांचं किंवा पीओपीचं सिलिंग आहे. आतून हात पोचत नाही.

मग तार विसरा. तार आतूनच सोडता येते, आणि हात पोचत नसेल तर बांधलेलं कौल काढता न येणाऱ्या कौलासारखंच आहे. इथे क्लिप वापरायची. गंज न चढणाऱ्या पट्टीची ही क्लिप असते. एक टोक कौलाच्या कडेच्या कण्यावर बसतं, दुसरं टोक त्या कौलाखालच्या रिपेला वरून एका स्क्रूने लागतं. मग शेजारचं कौल आलं की क्लिप झाकली जाते, तिच्यावर पाऊस पडत नाही.

काढताना ती तारेइतकी सोपी नाही, हे आधीच सांगतो. शेजारच्या कौलाची कड पाचरीने थोडी उचलायची, चपटी पट्टी आत घालून क्लिप कण्यावरून बाजूला फिरवायची. हे जमायला सवय लागते. म्हणून सिलिंगवाल्या घरात आम्ही मधल्या भागात कमी क्लिपा लावतो आणि वळचणीच्या ओळीला खालच्या टोकाचे आकडे देतो. आकडा दोन मिलिमीटरच्या स्टेनलेस तारेचा असला की पकडीने उघडतो आणि परत वाकवता येतो, आणि सगळं काम बाहेरून होतं. त्याहून जाड तार नको. तिने वरचं कौल उचललं जातं आणि फट पडते.

क्लिप गावातल्या लोहाराकडून वाकवून घेता येते, फक्त त्याला आपलं कौल नेऊन दाखवा. प्रत्येक कारखान्याचा कणा वेगळा असतो. आधी दहा करून घ्या, बसवून पाहा, मग बाकीच्या सांगा.

आमच्याकडे लाकडी रिपा नाहीत, लोखंडी चौकोनी पाइप आहेत.

चालतं. तार पाइपला पूर्ण वेढा देऊन पिळा, किंवा खालच्या अंगाला सेल्फ ड्रिलिंग स्क्रू बसवून त्याला बांधा. पाइपची कोपऱ्याची धार तारेला घासते, म्हणून वेढा सैल राहू देऊ नका. कौल सैल हवं, वेढा सैल नको. वेल्डिंगच्या जागी रंग आधी सोलतो आणि गंज तिथूनच सुरू होतो. कौलं चढवण्यापूर्वी प्रत्येक सांध्याला रेडऑक्साइडचा हात द्या. नंतर तिथे ब्रश पोचत नाही.

पाइपचं अंतर मात्र वेल्डर स्वतःच्या अंदाजाने ठरवतो आणि तिथेच घोटाळा होतो. लाकडी रीप सरकवता येते, वेल्ड केलेला पाइप नाही. कौलं आणल्यावर अकरा कौलं जमिनीवर एकात एक अडकवून ओळीने लावा. सगळी जितकी आत ढकलता येतील तितकी ढकलून पहिल्याच्या दातापासून अकराव्याच्या दातापर्यंत मोजा. मग जितकी ओढता येतील तितकी ओढून परत मोजा. दोन्ही मापांची बेरीज करून २० ने भागा. येईल तेच रिपांचं अंतर. हे मोजल्याशिवाय वेल्डरला मशीन सुरू करू देऊ नका. अंतर जास्त झालं तर चढाव कमी पडतो आणि मग जगातली कुठलीही क्लिप ते पाणी अडवत नाही.

सरळ वरून स्क्रू आणि रबरी वॉशर मारला तर? पत्र्याला तसंच करतात.

पत्रा लवतो, कौल लवत नाही. स्क्रू अर्धा फेरा जास्त फिरला की कौलाला केसाएवढी चीर पडते. ती त्या दिवशी दिसत नाही, आर्द्रात दिसते. शिवाय उन्हाने रबर कडक होतं आणि भोक उघडं पडतं. हजार कौलांच्या छपराला हजार भोकं म्हणजे पुढच्या हजार गळती.

वळचणीच्या टोकाला किंवा बाजूच्या कडेला दुसरा मार्गच नसेल तर कौलाच्या उंच कण्यावर भोक पाडा, पाणी वाहतं त्या खोलगट भागात कधीही नको. पाच मिलिमीटरच्या स्क्रूला सहा-साडेसहाचं भोक ठेवा, म्हणजे कौलाला हलायला जागा राहते. ईपीडीएम रबराचा वॉशर घ्या, हाताच्या स्क्रूड्रायव्हरने आवळा आणि रबर जरा दबलं की थांबा.

सिलिकॉन किंवा फोम भरून चिकटवलं तर?

नको. काढताना कौल फुटतं, आणि चढाव बंद केल्यामुळे आत गेलेलं पाणी बाहेर यायची वाटही बंद होते.

आढ्यावरची टोपीची कौलं सिमेंटनेच बसवावी लागतात ना?

सगळे तसंच करतात, आणि आढ्याखालची गळती आमच्याकडे सर्वांत जास्त येते तीही त्यामुळेच.

सिमेंट घट्ट झालं की ते हलत नाही. खालचं लाकूड हलतं, कौलं उन्हात तापून फुगतात, रात्री आकसतात. दोन वर्षांत सिमेंट आणि कौल यांच्यात चीर पडते आणि ती बारीक चीर पाणी शोषून घेते. मग घरमालक त्यावर पुन्हा सिमेंट थापतो. असे चार थर चढलेलं आढं मी पाहिलं आहे. ते उतरवताना टोपीचं एकही कौल शाबूत निघालं नाही, आणि खालच्या ओळीतली निम्मी फुटली.

काढता येण्याजोगं आढं असं करतात. मुख्य आढ्यावर एक उभी पट्टी बसवायची, टोपीचं कौल जेमतेम तिच्यावर टेकेल इतक्या उंचीची. तिच्यावरून दोन्ही पाख्यांवर (छपराच्या उतरत्या बाजूंवर) उतरेल अशी पत्र्याची किंवा आढ्यासाठी मिळणारी लवचिक पट्टी टाकायची. दोन्ही बाजूंना वरच्या ओळीच्या कौलांवर ती निदान १०-१२ सेंटिमीटर यावी. मग टोपीची कौलं, वाऱ्याची नेहमीची दिशा पाहून. आपल्याकडे मुख्य पाऊस पश्चिमेकडून आणि नैर्ऋत्येकडून येतो, म्हणून कौलांची तोंडं पूर्वेला ठेवायची, म्हणजे वारा चढावात शिरत नाही. प्रत्येक टोपी-कौलाच्या झाकल्या जाणाऱ्या टोकात एक भोक पाडायचं, त्यातून उभ्या पट्टीत एक लांब स्टेनलेस स्क्रू. पुढचं कौल त्या स्क्रूला झाकतं. शेवटच्या एकाचाच स्क्रू उघडा राहतो, त्याला वॉशर. काढायचं झालं तर शेवटापासून सुरू करायचं, एक-एक स्क्रू सोडत.

कुणाला पारंपरिकच हवं असेल तर सिमेंटऐवजी चुन्याचा माल वापरा. एक भाग चुना, तीन भाग वाळू आणि भरायला कौलांचे तुकडे. चुना मऊ असतो, थोडा हलतो, आणि गरज पडली तर पटाशीने सुटतो. कौल साफ करून परत लावता येतं.

सगळीच कौलं बांधायची का?

घाटमाथ्यावर आणि मोकळ्या टेकडीवर सगळी. बाकी ठिकाणी वळचणीच्या दोन ओळी, आढ्याजवळच्या दोन ओळी, दोन्ही बाजूंच्या कडेचे दोन-दोन उभे पट्टे पूर्ण आणि मध्ये तिसरं किंवा चौथं कौल. छपराचा उतार ४५ अंशांच्या वर असेल तर गाव कुठलंही असो, प्रत्येक कौल बांधा.

३० फूट बाय २० फुटांच्या घराला ३० अंशांच्या उतारावर वळचण सोडून साधारण ९६५ कौलं लागतात. दोन माणसं असली तर फक्त तारा बांधायला दोन-तीन दिवस पुरतात.

माकडांचं काय?

पाचगणी, वाई, महाबळेश्वर, पाटणकडून हा प्रश्न दर आठवड्याला येतो. दोन गोष्टी वेगळ्या करा. माकड कौल उचलून खाली डोकावतं, ते बांधल्याने थांबतं. वानर झाडावरून छपरावर उडी मारतं, त्याने कौल फुटतं, आणि ते कुठल्याही तारेने थांबत नाही. छपरावर झुकलेल्या फांद्या कापा, निदान उडीच्या टप्प्याबाहेर. एवढं करूनही कौलं फुटणारच आहेत, म्हणून अशा घरात कौल सहज काढता येणं सर्वांत महत्त्वाचं.

कौलांखाली प्लास्टिक किंवा ताडपत्री टाकली तर निर्धास्त राहता येईल?

दुसरा थर हवाच, विशेषतः उतार कमी असेल किंवा झड लागत असेल तर. पण निळी ताडपत्री नको. ती वाफ अडवते. घरातला दमटपणा तिच्या खालच्या अंगाला घाम होऊन बसतो आणि लोकांना वाटतं कौलं गळतात. दोन-तीन उन्हाळ्यांत ती ठिसूळही होते. पाणी अडवणारी पण वाफ जाऊ देणारी छपराची मेम्ब्रेन मिळते, ती घ्या. जुन्या घरांत फळ्या किंवा कौलांखालची सपाट सिलिंगची कौलं असायची, तीही उत्तमच.

यात एक चूक जवळजवळ प्रत्येक ठिकाणी दिसते. मेम्ब्रेन वाशांवर (उताराच्या दिशेने जाणाऱ्या लाकडांवर) पसरतात आणि तिच्यावर थेट आडव्या रिपा ठोकतात. मग आत आलेलं पाणी प्रत्येक रिपेच्या मागे साचतं, रीप कुजते, आणि खिळ्याच्या भोकातून ते खाली उतरतं. आधी मेम्ब्रेन, मग तिच्यावर प्रत्येक वाशाच्या रेषेत उतारावरून खाली जाणारी २० ते २५ मिलिमीटर जाडीची उभी पट्टी, आणि तिच्यावर आडव्या रिपा, असा क्रम ठेवा. मग पाणी रिपांच्या खालून सरळ वळचणीला जातं. मेम्ब्रेनचं खालचं टोक पन्हळीत उतरलं पाहिजे, भिंतीच्या डोक्यावर संपता कामा नये.

घरात चूल असेल तर वेगळा विचार करा. चुलीचा धूर कौलांच्या फटींतून जातो आणि जाता जाता लाकूड सुकं ठेवतो. मेम्ब्रेन टाकलीत तर धुराला आढ्याखाली वाट करून द्यायला विसरू नका.

जुनी कौलं परत वापरू का?

जरूर वापरा. जुनं चांगलं भाजलेलं कौल आजच्या पुष्कळ कौलांपेक्षा सरस असतं. हातात लटकतं धरून बोटाच्या पेराने टिचकी मारा. घंटेसारखं वाजलं तर चांगलं, भद्द आवाज आला तर चीर आहे. मग दहा कौलं वाळवून वजन करा, एक दिवस पाण्यात बुडवून पुसून परत वजन करा. कौलांसाठीच्या भारतीय मानक ६५४ प्रमाणे वरच्या दर्जाच्या कौलाने स्वतःच्या वजनाच्या १८ टक्क्यांपेक्षा जास्त पाणी पिऊ नये. २.४ किलोच्या कौलाला हे साधारण ४३० ग्रॅम होतं. त्याहून जास्त पीत असेल तर ते गोठ्याला लावा.

वेगवेगळ्या कारखान्यांची कौलं एका पाख्यावर मिसळू नका. सारखी दिसतात, पण खाचा जुळत नाहीत. दोन प्रकार असतील तर एका पाख्याला एक, दुसऱ्याला दुसरा.

ऐन पावसात एक कौल फुटलं. काय करू?

छपरावर चढू नका. ओल्या, शेवाळलेल्या कौलावर पाय ठरत नाही. या कामात जी माणसं पडलेली मी पाहिली, ती बहुतेक श्रावणात एकच कौल बदलायला गेली होती.

तार बांधलेली असेल तर आतून शिडी लावा. फुटलेल्या कौलाची तार सोडा. वरच्या दोन कौलांच्या खाली लाकडाच्या दोन पाचरी सारून ती थोडी उचला, फुटलेलं कौल खाली आणि बाजूला ओढून आत घ्या. नवं कौल त्याच वाटेने, आधी डोकं वर सरकवत, मग दात रिपेवर अडकवत बसवा. पाचरी काढा, तार पिळा. दोन माणसांना वीस मिनिटांचं काम आहे. आतून जमत नसेल तर फटीतून पत्र्याचा तुकडा सारून उघडीप मिळेपर्यंत निभावून न्या.

आमची कौलं देशी, नळीची आहेत. त्यांना हे लागू आहे का?

नळीच्या कौलाला दात नसतात, म्हणून तार ओवायला जागाच नाही. ती एकमेकांच्या वजनावर आणि उतारावर टिकतात. वळचणीच्या ओळीला तारेचे आकडे देता येतात. बाकी दरवर्षी परतणं हाच मार्ग आहे.

कौलांवर सोलर बसवायचं आहे. कौलं भोसकावी लागतील का?

नाही, आणि भोसकणार म्हणणाऱ्याला काम देऊ नका. कौलारू छपरासाठी वाकडे आकडे मिळतात. आकड्याचं बूड वाशाला स्क्रूने लागतं, मान दोन कौलांच्या चढावातून बाहेर येते आणि पॅनेलची पट्टी तिच्यावर बसते. मानेच्या जागी वरच्या कौलाची खालची कड ग्राइंडरने थोडी घासावी लागते, म्हणजे कौल आकड्यावर अधांतरी राहत नाही. आकडा खालच्या कौलाला टेकता कामा नये. वाऱ्यात पॅनेल हललं की तेच कौल आधी फुटतं. बूड रिपेला लावलेलं चालत नाही, वासाच हवा.

कोयना भागात भूकंपाचे धक्के बसतात. बांधलेली कौलं बरी की सुटी?

बांधलेली. ११ डिसेंबर १९६७ च्या कोयनेच्या भूकंपानंतर आमच्याकडच्या जुन्या माणसांनी सांगितलेली गोष्ट एकच असते, की पळताना वरून कौलं येत होती. हजार कौलांचं वजन चोवीसशे किलोच्या आसपास भरतं. तारेने दात रिपेवर धरलेला असेल तर कौल घसरून खाली येत नाही. दारावरच्या वळचणीचं तरी प्रत्येक कौल बांधाच. भिंती आणि वासे मजबूत नसतील तर मात्र आधी ते काम करा.

काम कधी काढावं?

चैत्र-वैशाखात. रोहिणी लागण्यापूर्वी, म्हणजे मेच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत, छप्पर बंद झालं पाहिजे. एका वेळी एकच पाखं उघडा. वळीव सांगून येत नाही.

किती कौलं जादा घेऊन ठेवू?

शंभराला पाच, माकडं असतील तर शंभराला दहा. त्याच कारखान्याची, त्याच खेपेतली. भिंतीला टेकवून उभी ठेवा, एकावर एक आडवी रचू नका. बाजूला पाच मीटर तार, एक पक्कड आणि दोन पाचरी एका पिशवीत बांधून आढ्याजवळच्या खुंटीला टांगून ठेवा.